ट्रिपल निगेटिव्ह, वंश आणि ‘इम्युनिटी जीन’ पॅनेल: करायचं की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या, ठाण्यात राहतात, घर मूळचं चिपळूणकडचं. त्यांची सख्खी मोठी बहीण न्यू जर्सीत, वय ४१, तिला ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, म्हणजे ज्यात दोन हार्मोनचे रिसेप्टर आणि हर२ यातलं काहीच नसतं तो. बीआरसीए, म्हणजे ज्या दोन जीन्समधल्या बिघाडाने स्तनाचा आणि ओव्हरीचा कॅन्सर घरात चालतो ती, निगेटिव्ह आहे असं ती फोनवर म्हणाली. तिथल्या डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं की वेगवेगळ्या वंशाच्या लोकांत इम्युन सिस्टीमची जीन्स वेगळी असतात आणि या कॅन्सरशी त्याचा संबंध असू शकतो. इकडे एका लॅबने ‘इम्युनिटी जीन पॅनेल’ची जाहिरात पाठवली. तर ते करावं का, आणि आपल्या भारतीय बायकांना या जीन्समुळे जास्त धोका असतो का?

मी कॅन्सर जेनेटिक्सच्या ओपीडीत बरीच वर्षं काढली आहेत, हा प्रश्न आता आठवड्याला एकदा तरी येतोच. आधी उत्तर देतो मग कारणं सांगतो: ते पॅनेल करू नका. तुमच्या बहिणीचा जो रिपोर्ट आहे तो नीट बघून घ्या, त्यात तुमच्या कामाचं जास्त सापडेल. आणि तिच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खोटं नाहीये, फक्त ते जिथे लागू पडतं ती जागा वेगळी आहे.

डॉक्टरांच्या मनात बहुतेक डफी असणार. डफी म्हणजे लाल रक्तपेशीवरचं एक प्रोटीन, जीनचं नाव एसीकेआर१. व्हायवॅक्स मलेरियाचा जंतू लाल पेशीत शिरायला मुख्यतः याच दारातून जातो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत हजारो वर्षांपूर्वी या जीनच्या स्विचमध्ये एका अक्षराचा बदल झाला, लाल पेशीवरचं डफी गायब झालं, व्हायवॅक्स आत शिरेना, आणि तो बदल इतका फायद्याचा ठरला की आज तिथे जवळजवळ प्रत्येकाकडे तो सापडतो. आपल्याकडे व्हायवॅक्स मलेरिया इतका बोकाळला तरी हा बदल आपल्यात आला नाही. भारतात तो सापडतो मुख्यतः सिद्दी समाजात, म्हणजे उत्तर कन्नड, गुजरात या भागात जे आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी आलेल्या लोकांचे वंशज आहेत त्यांच्यात.

आता याचा कॅन्सरशी काय संबंध? तर हे प्रोटीन फक्त मलेरियाचं दार नाही. शरीरात सूज आली की पेशी एकमेकींना केमोकाइन नावाचे निरोप सोडतात, ‘इकडे या’ म्हणून, आणि डफी हे निरोप पकडून ठेवतं, त्यांचं प्रमाण आटोक्यात ठेवतं. लाल पेशीवरून ते गेलं की निरोपांचं गणित बदलतं, आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल पांढऱ्या पेशीही कमी दिसतात, माणूस ठणठणीत असूनसुद्धा. अमेरिकेत मेलिसा डेव्हिस आणि सर्जन लिसा न्यूमन यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय. त्यांनी घाना, इथिओपिया आणि अमेरिका असे तीन ठिकाणचे पेशंट एकत्र पाहिले. घानातल्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये साधारण निम्मे ट्रिपल निगेटिव्ह निघाले, आफ्रिकन अमेरिकन बायकांत तीसेक टक्के, आणि गोऱ्या अमेरिकन व इथिओपियन बायकांत जवळपास सारखेच, पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ‘आफ्रिकन’ असा एकच गट धरला तर चित्र फसतं, पश्चिम आणि पूर्व आफ्रिका यांत एवढा फरक. आणि अमेरिकेतल्या बहुसंख्य काळ्या लोकांचे पूर्वज पश्चिमेकडूनच गुलाम म्हणून नेलेले, त्यामुळे ते दोघांच्या मधे येतात. ट्यूमरमध्ये डफी कमी-जास्त असण्यावर आत कोणत्या इम्युन पेशी गोळा होतात हे बदलतं असंही त्यांच्या कामात दिसलं.

इथवर वाचून वाटेल की झालं, सापडलं जीन. थांबा. पश्चिम आफ्रिकेत हा बदल जवळजवळ सगळ्यांत आहे आणि युरोपात जवळजवळ कुणातच नाही, म्हणून तो वंश ओळखायची खूणच होऊन बसलाय. आडनावाला ‘कर’ लागलं की माणूस कोकणातला असा अंदाज बांधता येतो आणि कोकणातल्या माणसाच्या ताटात मासे जास्त असणार हेही खरं, पण म्हणून मासे ‘कर’मुळे आले असं होत नाही ना, तसंच आहे हे. डफी नसलेल्या बाईत ट्रिपल निगेटिव्ह जास्त दिसला तर तो डफीमुळे, की पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या दुसऱ्याच कुठल्या जीनमुळे, की काळ्या बायकांच्या वाट्याला जे आयुष्य येतं त्यामुळे, हे वेगळं करायला फार मोठा आणि फार काळजीपूर्वक केलेला अभ्यास लागतो.

ते आयुष्य म्हणजे काय तेही सांगतो कारण जेनेटिक्सवाले लोक हे पटकन विसरतात. अमेरिकेत काळ्या बायकांना ब्रेस्ट कॅन्सर होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा किंचित कमीच आहे, पण त्याने मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त. यात ट्रिपल निगेटिव्हचा वाटा आहेच, तो त्यांच्यात जवळपास दुप्पट असतो, पण हार्मोनवर चालणाऱ्या, ज्याला चांगली औषधं आहेत अशा कॅन्सरमध्येही ही दरी आहे. तिथे इन्शुरन्स, उशिरा झालेलं निदान, अर्धवट राहिलेली ट्रीटमेंट हे सगळं येतं. आणि एक फार साधी गोष्ट, अंगावर पाजणं. अँबर नावाच्या मोठ्या संयुक्त अभ्यासात आफ्रिकन अमेरिकन बायकांमध्ये दिसलं की मुलं झाली पण अंगावर पाजलं नाही अशा बायकांत इस्ट्रोजेन रिसेप्टर निगेटिव्ह कॅन्सरचा (ट्रिपल निगेटिव्ह यातच येतो) धोका जास्त, आणि पाजलं असेल तर तो बराच खाली येतो. बाळंतपणानंतर दूध एकदम बंद झालं की स्तनाच्या आत आवराआवर होते, मॅक्रोफेज नावाच्या साफसफाई करणाऱ्या इम्युन पेशी येतात, सूज आल्यासारखी स्थिती होते, म्हणजे इम्युन सिस्टीम इथेही आहेच, पण सुरुवात डीएनएमधून झालेली नाही.

दुसरं उदाहरण आशियातलं. एपोबेक३बी हे जीन विषाणूंशी लढणाऱ्या एपोबेक घराण्यातलं, विषाणूच्या जनुकीय मजकुरात अक्षरं बदलून त्याला निकामी करणं हे या घराण्याचं काम. काही लोकांत या जागेचा साधारण २९,५०० अक्षरांचा तुकडाच उडालेला असतो. आणि त्याचं प्रमाण बघा: आफ्रिकेत १ टक्क्याच्या आसपास, युरोपात ६, पूर्व आशियात ३७ च्या पुढेमागे, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत निम्म्याहून जास्त, आणि पॅसिफिकच्या बेटांवर ९० च्या वर. २०१३ मध्ये शांघायच्या बायकांवरचा अभ्यास आला, त्यात दोन्ही प्रती उडालेल्या बायकांत धोका साधारण पावणेदोन पट निघाला. मग युरोपियन बायकांत बघितलं तर आकडे एकसारखे येईनात, कुठे संबंध दिसला कुठे नाही. पण २०१४ मध्ये एक खरी गंमत सापडली. हा तुकडा उडालेल्या बायकांच्या ट्यूमरमध्ये एपोबेकच्या धाटणीचे बदल उलट जास्त होते. म्हणजे अक्षरं बदलणारं जीन गेलं तर खाडाखोड कमी व्हायला हवी ती वाढली, बहुतेक शेजारचं एपोबेक३ए जीन उरलेल्या टोकाला जोडलं जाऊन जास्त जोमाने काम करतं म्हणून. आणि अशा ट्यूमरमध्ये इम्युन पेशींची हालचालही जास्त दिसते.

मला जे सांगायचंय ते या दोन्ही उदाहरणांत आहे. इम्युन सिस्टीमच्या जीन्समध्ये वंशावंशांत जो फरक आहे तो ‘कुणाला कॅन्सर होणार’ यापेक्षा ‘झालेला कॅन्सर कसा वागणार’ यावर जास्त उमटलेला दिसतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉसवेल पार्कच्या टीमने काळ्या आणि गोऱ्या पेशंट्सचे ट्यूमर तपासले, २०२१ मध्ये ते छापून आलं. काळ्या बायकांच्या ट्यूमरमध्ये इम्युन पेशी जास्त घुसलेल्या होत्या, ऐकायला चांगलं वाटतं, पण त्यातल्या सीडी८ टी-पेशी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या, थकलेल्या, लढून लढून निकामी झालेल्या होत्या. आत सैन्य आहे पण हात चालत नाहीत अशी स्थिती. इम्युनोथेरपी नेमकं याच जागी काम करते, आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब हे त्यातलं औषध २०२१ पासून सर्जरीच्या आधीच्या किमोबरोबर दिलं जातं. तुमच्या बहिणीलाही कदाचित तेच चालू असेल, स्टेज दोन-तीन असेल तर.

आणि ‘होणार का’ या बाजूला इम्युन जीन्सचा हात फार मोठा नसावा याला माझ्या मते सगळ्यात मजबूत पुरावा जेनेटिक्सच्या बाहेरचा आहे. किडनी ट्रान्सप्लांट झालेले लोक वर्षानुवर्षं इम्युनिटी दाबणारी औषधं घेतात, एचआयव्ही झालेल्यांची इम्युनिटी पडलेली असते. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या दोन्ही प्रकारच्या लोकांचे कॅन्सरचे आकडे एकत्र करून छापले होते. लिम्फोमा, कपोसी सारकोमा, सर्व्हिक्स, लिव्हर असे विषाणूंशी नातं असलेले कॅन्सर धडाधड वाढलेले. ब्रेस्ट कॅन्सर? जवळजवळ जिथल्या तिथे. इम्युनिटी एवढी पाडूनही जो कॅन्सर वाढत नाही तो इम्युनिटीच्या एखाद्या जीनमधल्या एका अक्षराने किती वाढणार, तुम्हीच सांगा.

जीनोमभर शोध घेणाऱ्या मोठ्या अभ्यासांतही हेच दिसतं. एचएलए म्हणजे सहाव्या क्रोमोसोमवरची ती जीन्स, ज्यावरून ट्रान्सप्लांटला मॅच बघतात, माणसामाणसांत सगळ्यात जास्त फरक याच जागी असतो आणि वंशावंशांतही. सर्व्हिक्सच्या कॅन्सरमध्ये शोध घेतला की एचएलए ठणठणीत वर येतं, दक्षिण चीनमध्ये नाकामागच्या घशाचा कॅन्सर होतो त्यातही येतं, दोन्हीकडे विषाणू आहेत. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये आतापर्यंत २०० च्या वर जागा सापडल्या, त्यातल्या ज्या नीट उलगडल्या त्या बहुतेक स्तनाच्या पेशीच्या स्वतःच्या कारभाराच्या आहेत, इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, पेशी वाढणं, डीएनए दुरुस्त करणं असल्या. एचएलएचा तसा ठसा तिथे नाही. ‘एचएलएचा अमुक प्रकार असेल तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका तिप्पट’ असं सांगणारे छोटे पेपर मात्र ढिगाने आहेत, शंभर पेशंट आणि शंभर नर्सेस घेऊन केलेले, आपल्याकडचेही आहेत, आणि पुढच्या गावात करून बघितलं की येत नाहीत. लॅबची पॅनेल्स नेमकी अशाच पेपरांवर उभी असतात. तुम्ही त्यांना फोन करून एकच विचारा, हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर माझ्या तपासणीत किंवा ट्रीटमेंटमध्ये काय बदल होईल? उत्तर ‘आहार आणि सप्लिमेंट’ आलं तर फोन ठेवा.

आता भारतीय बायकांचं. इथे पहिली अडचण अशी की वर सांगितलेल्या २०० जागा शोधणाऱ्या अभ्यासांत बहुसंख्य बायका युरोपियन वंशाच्या होत्या, नंतर पूर्व आशियाई, आफ्रिकन वंशाच्या बायकांचा सुमारे ४०,००० जणींचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यात १२ जागा ठळकपणे निघाल्या. आपण त्यात चिमूटभर. त्या आकड्यांवरून बनवलेला रिस्क स्कोअर ज्या वंशात बनला त्याच्यापासून दूर गेलं की बोथट होत जातो, आफ्रिकन बायकांत हे स्पष्ट दिसलंय. आणि ‘साउथ आशियाई’ असा एक गट फॉर्मवर असतो, जेनेटिक्सच्या दृष्टीने तो एक नाहीच. आपण पिढ्यान् पिढ्या जातीत, पोटजातीत लग्नं लावली, त्यामुळे शेजारी राहणाऱ्या दोन समाजांत युरोपातल्या दोन देशांपेक्षा जास्त फरक निघू शकतो. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने देशभरातल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचलेत, त्याने पाया घातला जाईल, पण ते कॅन्सरच्या धोक्याचं उत्तर नव्हे.

भारतीय बायकांत ट्रिपल निगेटिव्ह जास्त, साधारण ३० टक्के, असं तुम्ही वाचलं असेल. आकडा खरा आहे. त्यातला काही भाग असा की आपली लोकसंख्या तरुण, त्यामुळे पेशंटही सरासरीने तरुण, आणि तरुण वयात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण जास्तच असतं. हार्मोनवाला कॅन्सर जो साठी-सत्तरीत वाढतो तो अमेरिकेत भरपूर, आपल्याकडे कमी, म्हणून उरलेल्याचा टक्का फुगतो. भारतात २०२२ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या सुमारे १.९२ लाख नव्या केसेस धरल्या गेल्या, वयाचा हिशेब लावून बघितलं तर अमेरिकेच्या एक तृतीयांशाहूनही कमी दर. सगळ्याच प्रकारांचा मिळून धोका कमी, त्यात ट्रिपल निगेटिव्हचा वाटा मोठा, हे दोन वेगळे हिशेब आहेत, लोक त्यांची मिसळ करतात.

आणि जीन्सवर सगळा भार टाकण्याआधी मुंबई आणि बार्शी शेजारी ठेवून बघा. मुंबईत कॅन्सरची नोंदवही १९६३ पासून आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत ग्रामीण नोंदवही १९८७ पासून. बार्शीकडच्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सरचा दर मुंबईच्या अर्ध्याहून कमी राहिलेला आहे. मुंबईतली कितीतरी माणसं घाटावरून आणि कोकणातूनच तर गेली, जीन्स एसटीत बसल्यावर बदलत नाहीत. बदललं ते लग्नाचं वय, पहिल्या मुलाचं वय, मुलं किती, किती महिने पाजलं, वजन, पाळी कधी आली. मुंबईच्या पारशी बायकांत हा कॅन्सर इतर समाजांपेक्षा जास्त, तिथेही उशिरा लग्न आणि कमी मुलं हे मोठं कारण, समाज छोटा आणि आतल्या आत लग्न करणारा असल्याने जीन्सचा वाटा शोधणं रास्तच आहे पण पहिला नंबर त्याचा नाही. जपानी बायका हवाईला गेल्या तेव्हाही एकदोन पिढ्यांत त्यांचे आकडे तिथल्यासारखे व्हायला लागले.

एवढं सगळं सांगून झाल्यावर तुमच्या घराकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत जीन्सचा विचार करायलाच हवा, फक्त दुसऱ्या जीन्सचा. ४१ व्या वर्षी ट्रिपल निगेटिव्ह, ही बीआरसीए१ ची ठरलेली खूण. या जीनमध्ये बिघाड असेल तर ८० वर्षांपर्यंतचा धोका ७० टक्क्यांच्या घरात जातो, इम्युन जीन्सचे आकडे याच्यापुढे कुठेच नाहीत. तुम्ही म्हणता ती निगेटिव्ह आहे. कुठली टेस्ट? घरी थुंकीची नळी पाठवून जी टेस्ट होते ती २०१८ पासून सुरुवातीला बीआरसीएमधले फक्त तीन बदल बघायची, आणि ते तीनही अश्केनाझी, म्हणजे मूळ युरोपातल्या, ज्यूंमध्ये सापडणारे. चिपळूणच्या घरातल्या बाईला त्यात ‘निगेटिव्ह’ मिळाल्याने जवळजवळ काहीच कळत नाही. वंशाचा मुद्दा खरा कुठे चावतो म्हणाल तर इथे. रिपोर्टमध्ये बघा: बीआरसीए१ आणि २ ही दोन्ही जीन पूर्ण वाचलीत का, मोठे तुकडे उडालेत किंवा दुणावलेत का हे तपासलंय का, ब्रेस्ट कॅन्सरशी संबंध असलेली बाकीची जीन्स, पीएएलबी२, टीपी५३, आरएडी५१सी आणि डी, एटीएम, सीएचईके२, आहेत का. आणि खाली कुठे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आहे का, भारतीय पेशंट्सना हा शेरा जास्त मिळतो कारण तुलनेला आपला डेटा कमी, त्यावरून घाबरून कुणी ऑपरेशन करून घ्यायचं नाही, दोनेक वर्षांनी लॅबला परत विचारायचं की आता काय म्हणता.

शिवाय घरात नीट विचारा. ओपीडीत मी वंशावळ काढायला घेतो तेव्हा आईकडची माहिती धडाधड येते आणि वडिलांकडे पान कोरं, ‘ते त्यांच्याकडून कसं येईल डॉक्टर?’ असं विचारतात. येतं, बीआरसीए वडिलांकडूनही तितकंच येतं, आत्याला विचारा, चुलतबहिणींना विचारा. आणि आजीला काय झालं होतं विचारलं की ‘पोटात पाणी झालं होतं, गाठ होती, मुंबईला नेलं होतं’ असं उत्तर आलं तर तो ओव्हरीचा कॅन्सर असू शकतो, ते लिहून ठेवा. बहिणीची टेस्ट अर्धवट झालेली असेल तर आधी तिचीच पूर्ण करा, कॅन्सर झालेल्या व्यक्तीपासून सुरू करायचं असतं. तिच्यात बिघाड सापडला तर तुमची त्या एका बदलापुरती टेस्ट, स्वस्तात होते. आणि तिची पूर्ण टेस्ट खरोखरच निगेटिव्ह असेल तर तुम्ही आणखी पॅनेल करून काही वेगळं निघण्याची शक्यता फार कमी.

तुमची स्वतःची तपासणी मात्र रिपोर्टची वाट बघत थांबवू नका. जवळच्या नात्यात ४१ व्या वर्षी निघाला असेल तर साधारण दहा वर्षं आधी, म्हणजे ३१ पासून तपासण्या सुरू करायची पद्धत आहे, तुम्ही ३६ च्या आहात. या वयात स्तन दाट असतात म्हणून मॅमोग्राफीबरोबर सोनोग्राफी लागते, जीनमधला बिघाड निघाला तर दरवर्षी एमआरआय. वर्षातून एकदा हाताने तपासणी जाणकाराकडून करून घ्या, टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर बायकांवर वीस वर्षं केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या तपासणीतही कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तुमच्या वयाला तो मृत्यूचा फायदा दिसला नव्हता, म्हणून नुसत्या हाताच्या तपासणीवर राहू नका एवढंच.

टाटाला कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, ठाण्याहून तुम्हाला सोयीचं पडेल. जाताना बहिणीचा हिस्टोपॅथॉलॉजीचा (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि जेनेटिक टेस्टची पूर्ण पीडीएफ मागवून घ्या, पहिल्या पानाचा व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही, काय तपासलं आणि काय नाही ते मागच्या पानांवर असतं.